रॅम वाढवू की एसएसडी टाकू? आधी 'मेमरी' शब्दाचा घोळ मिटवू

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात आणि मधूनच 'लो डिस्क स्पेस'चा इशारा येतो. एक जण म्हणतो रॅम वाढव, दुसरा म्हणतो एसएसडी टाक, तिसरा म्हणतो मेमरी फुल झाली आहे, फोटो उडव. शिवाय १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतात, मग उरलेली जागा गेली कुठे? आणि जमलं तर हे सगळे शब्द एकदा नीट समजावून सांगा.

कॉम्प्युटर उघडून त्यात डोकं घालण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगतो, तुमच्या तिन्ही सल्लागारांचा घोळ एकाच शब्दापाशी होतोय, आणि तो शब्द म्हणजे मेमरी. रॅमलाही मेमरी म्हणतात, मोबाइलच्या कार्डालाही मेमरी कार्ड म्हणतात आणि फोटो मावेनासे झाले की 'मेमरी भरली' असंही म्हणतात. वस्तू दोन आणि नाव एक. त्यामुळे या उत्तरात मी मेमरी हा शब्द शक्यतो वापरणारच नाही. रॅमला रॅम म्हणू आणि साठवणुकीला स्टोरेज.

दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. वीज गेल्यावर काय उरतं ते बघा. तुम्ही पत्र टाइप करताय, सेव्ह केलेलं नाही आणि तेवढ्यात वीज गेली. गेलेलं पत्र रॅममध्ये होतं. काल सेव्ह केलेलं पत्र आज जसंच्या तसं उघडतं, ते स्टोरेजवर होतं.

रॅममध्ये वीज गेल्यावर काहीच का उरत नाही, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच आजही चालते: प्रत्येक बिटसाठी, म्हणजे प्रत्येक ० किंवा १ साठी, एक ट्रान्झिस्टर (विजेचा बारीक स्विच) आणि विद्युतभार साठवणारा एक चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हा कपॅसिटर इतका लहान असतो की भार सतत गळत राहतो. म्हणून रॅमची प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, वाचून पुन्हा भरावी लागते. तुम्ही स्क्रीनकडे नुसतं बघत बसलात तरी हे काम अखंड चालू असतं. वीज तोडली की भरणं थांबतं आणि मजकूर विरून जातो.

स्टोरेजचे सध्या दोन प्रकार चालतात. हार्डडिस्क म्हणजे चुंबकीय थर दिलेल्या, गरागरा फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगणारं, वाचणारं-लिहिणारं हेड. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून मावत होती ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोही तिच्यात मावणार नाही. तबकड्या लहान झाल्या, दाटी वाढली, पण तत्त्व तेच राहिलं. दुसरा प्रकार एसएसडी. तिच्यात हलणारं काहीच नसतं. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश तंत्रावर ती चालते. इलेक्ट्रॉन एका विद्युतरोधक वेष्टनाच्या आत कोंडून ठेवायचे, म्हणजे वीज गेली तरी ते तिथेच राहतात. पेनड्राइव्ह, मोबाइलचं स्टोरेज आणि मेमरी कार्ड ही सगळी याच घराण्यातली.

रॅम म्हणजे टेबल आणि हार्डडिस्क म्हणजे कपाट, ही उपमा तुम्ही ऐकलीच असेल. चुकीची नाही, पण तिच्यातून वेगातला फरक कळत नाही आणि तुमचं सगळं दुखणं तर तिथेच आहे. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, साध्या एसएसडीला त्याच्या हजारपट आणि हार्डडिस्कला लाखपट. रॅमला एक सेकंद लागतो असं धरा. त्याच मापाने एसएसडीला सतरा मिनिटं लागतील आणि हार्डडिस्कला सव्वा दिवस. कपाट उठून उघडण्याइतकं जवळ नाही, ते परगावी आहे.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळू. पैसे काढण्याआधी पाच मिनिटं एवढं करा. लॅपटॉप बंद करून चालू करा आणि डेस्कटॉप दिसताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सचं पान काढा आणि डावीकडच्या 'मेमरी' आणि 'डिस्क' या दोन आलेखांकडे लक्ष ठेवा. (इथेही मेमरी म्हणजे रॅम. मायक्रोसॉफ्टला माझा नियम लागू नाही.) आता नेहमीसारखा ब्राउझर उघडा, एखादी फाइल उघडा.

तुम्ही वर्णन केलंय तशा लॅपटॉपवर मला जवळजवळ दर वेळी एकच चित्र दिसतं. रॅम साठ-सत्तर टक्क्यांवर निवांत असते आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली असते. डिस्कच्या आलेखाखाली वाचनाचा वेग बघितलात तर चक्रावून जाल, कारण तो सेकंदाला एक-दोन एमबीसुद्धा असू शकतो. जी डिस्क मोठा व्हिडिओ कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते, ती इथे १०० टक्के राबून दोन एमबीवर का अडते?

कारण विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल वाचत नाही, हजारो बारक्या फाइली वाचतं आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. लॅपटॉपची हार्डडिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हेड आधी योग्य वर्तुळावर सरकणार, मग हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणार. दोन्ही मिळून पंधरा-सतरा मिलिसेकंद होतात. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर तुकडे, फार तर शंभर. तुकडा ४ केबीचा असला तर सेकंदाला अर्धा एमबीही होत नाही; तुकडे थोडे मोठे असले तरी गाडी एक-दोन एमबीवरच अडते. डिस्कचा वेळ वाचण्यात जात नाही, धावपळीत जातो. एसएसडीत हेडच नाही, त्यामुळे धावपळही नाही. साधी एसएसडीसुद्धा असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली की 'लॅपटॉप नवा झाला' असं लोक म्हणतात ते यामुळेच. प्रोसेसर तोच आणि रॅमही तेवढीच असते, फक्त वाट बघणं संपलेलं असतं.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: आधी एसएसडी.

रॅम कधी वाढवायची? त्याच आलेखात तुमचं रोजचं काम चालू असताना रॅम सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तेव्हा. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला थोडा मजकूर स्टोरेजवरच्या एका राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. परगावच्या कपाटाची गोष्ट आठवा आणि हार्डडिस्कवर हे किती महागात पडत असेल ते बघा. एसएसडीवरही याचा फटका बसतो, पण सोसवतो. मोबाइलच्या जाहिरातीत '८ जीबी अधिक ८ जीबी रॅम' असं लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे ८ जीबी म्हणजे हीच करामत असते. ती रॅम नव्हे, स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे.

रॅम घ्यायचीच झाली तर जुन्या पट्टीवरचं लेबल वाचायला शिका, कोणी काहीही गळ्यात मारणार नाही. समजा लेबलवर आहे '८जीबी १आरx८ पीसी४-२६६६'. ८ जीबी ही क्षमता. पीसी४ म्हणजे डीडीआर४ पिढी. २६६६ म्हणजे सेकंदाला २६६.६ कोटी वेळा देवाणघेवाण, दर वेळी ८ बाइट. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण २१ जीबी येतात. १आरx८ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक गट) आणि प्रत्येक चिपची रुंदी ८ बिट. पट्टीची एकूण रुंदी ६४ बिट असते, म्हणून त्या पट्टीवर आठ काळे चौकोन मोजता येतील. मोजून बघा, मजा येते. डीडीआर४च्या जागी डीडीआर५ बसत नाही, कारण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. आणि लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीपेक्षा आखूड असते, हे विसरून ऑर्डर देणारेही बरेच भेटतात.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ असते. तिथे '१ ऑफ २' दिसलं तर एक स्लॉट रिकामा आहे. तिथे तशीच दुसरी पट्टी टाकली तर क्षमता वाढतेच, शिवाय दोन मार्गांनी एकाच वेळी ये-जा होऊ लागते. पानावर 'रो ऑफ चिप्स' असं काही दिसलं तर रॅम मदरबोर्डवरच (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरच) डाख देऊन जोडलेली आहे, ती बदलता येत नाही.

आता ९३१चं कोडं. काहीही गायब झालेलं नाही आणि कंपनीने फसवलेलंही नाही. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात: १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज दोनाच्या घातांनी मोजतं. त्याच्या लेखी १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. एकावर बारा शून्यांना या आकड्याने भागा, ९३१.३ येतात. ५१२ जीबीची एसएसडी घेतलीत तर त्याच न्यायाने ४७६ दिसतील आणि त्यातूनही रिकव्हरीसारख्या छोट्या विभागांसाठी थोडी जागा जाईल. या मोठ्या जीबीला 'गिबीबाइट' असं वेगळं नाव १९९८ सालीच दिलं गेलं. विंडोजने ते घेतलं नाही, ते अजूनही जीबीच लिहितं. ॲपलने २००९ पासून मॅकवर दशमान मोजणी सुरू केली, त्यामुळे तीच डिस्क मॅकला जोडली की १ टीबी दिसते. रॅमचे ८ जीबी मात्र खरोखर १०२४च्या हिशेबाचे असतात, कारण पत्त्याची प्रत्येक जादा तार जागा दुप्पट करते.

याचंच भावंड म्हणजे बिट आणि बाइटची गल्लत. आठ बिटांचा एक बाइट. फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात आणि इंटरनेटचा वेग बिटमध्ये. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. 'माझं नेट शंभरचं आहे, डाउनलोड बाराने का होतं' असं विचारणाऱ्याचं नेट अगदी ठणठणीत असतं. इंग्रजी लिपीत छोटा बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. देवनागरीत दोन्ही 'एमबी'च होतात, त्यामुळे आपल्याकडे घोळ होण्याची सोय अधिकच.

एसएसडी घेताना सर्वात जास्त चुका एम.टू या शब्दापाशी होतात, म्हणून इथे जरा थांबतो. एसएसडीचा आकार ही एक गोष्ट आणि ती कोणत्या भाषेत बोलते ही दुसरी. आकार दोन: अडीच इंची, जी हार्डडिस्कच्याच जागी बसते, आणि एम.टू, जी च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते. एम.टूवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. भाषाही दोन: सॅटा आणि एनव्हीएमई. सॅटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो. एनव्हीएमई प्रोसेसरशी पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने थेट बोलते. त्या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत चार लेनवर (चार समांतर वाटांवर) ३५०० एमबीच्या आसपास आणि चौथ्या पिढीत ७००० एमबीपर्यंत वेग मिळतो. अडीच इंची एसएसडी लॅपटॉपसाठी घेतली तर ती सॅटाच असणार. पण एम.टू आकारात दोन्ही भाषांच्या एसएसडी मिळतात, आणि खरी मेख इथेच आहे.

एकदा एक गृहस्थ नवीकोरी एम.टू एसएसडी घेऊन आले. ती 'खराब निघाली' म्हणून परत करायच्या तयारीत होते. पट्टी स्लॉटमध्ये चपखल बसली होती, स्क्रूही लागला होता, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) तिचं नावच येईना. पट्टीला दोन खाचा होत्या. सॅटाच्या एम.टूला बहुधा तशाच असतात, आणि दोन खाचांमुळे ती दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये बसते. त्यांचा स्लॉट फक्त एनव्हीएमईचा होता. दोघेही धडधाकट, पण एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती. तेव्हा घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपचं नेमकं मॉडेल शोधून त्याच्या माहितीपत्रकात स्लॉट आहे का आणि तो कोणती भाषा बोलतो, हे बघा. नुसतं 'एम.टू आहे' एवढ्यावर भागत नाही.

एनव्हीएमईचा स्लॉट असेल तर तीच घ्या. नसेल तर अडीच इंची सॅटाने निराश होऊ नका. हार्डडिस्कवरून सॅटा एसएसडीवर येताना जेवढा फरक जाणवतो, तेवढा सॅटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात जाणवत नाही.

'एसएसडी लिहून लिहून झिजते' हे खरं आहे. इलेक्ट्रॉन कोंडणारं वेष्टन प्रत्येक लिखाणाला थोडं खराब होतं. पण आकडा बघा. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींवर ३०० टीबीच्या आसपास लिखाणाची हमी असते. रोज ४० जीबी लिहिलं, आणि घरगुती वापरात सहसा इतकं लिहिलं जात नाही, तरी वीस वर्षं निघतात. त्याआधी लॅपटॉपच्या बिजागऱ्या जातील. एसएसडीचा माझ्या लेखी खरा तोटा वेगळाच आहे. हार्डडिस्कवर चुकून उडवलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते. एसएसडीत विंडोज उडवलेल्या जागेची वर्दी लगेच ड्राइव्हला देतं, याला ट्रिम म्हणतात, आणि ड्राइव्ह ती जागा साफ करून टाकते. मग कोणीही काहीही करू शकत नाही. शिवाय हार्डडिस्क बहुतेकदा कुरकुरत, रडत मरते आणि एसएसडी अनेकदा काहीही न सांगता.

बाकीचे शब्द भराभर. प्रोसेसर म्हणजे सीपीयू, नखाएवढ्या चिपचं प्रकरण. डेस्कटॉपच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची आपल्याला सवय आहे, म्हणून कोणी 'सीपीयू बिघडला' म्हटलं की मी आधी 'डबा की चिप?' असं विचारतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम होतं ते पिढीगणिक बदलतं, तेव्हा दोन वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना नुसत्या गिगाहर्ट्झवर करू नका. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलीच, रॅमपेक्षाही कितीतरी वेगवान पण अगदी थोडी जागा. बायोस, आताच्या भाषेत यूईएफआय, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो. जुना डेस्कटॉप चालू करताना दर वेळी तारीख चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नाण्याएवढा सेल संपलाय, एवढंच. पेनड्राइव्हवर जागा असूनही मोठा व्हिडिओ जात नसेल तर तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबीची एक फाइल बसत नाही. आतला मजकूर काढून घेऊन एक्सफॅटने फॉरमॅट करा.

'फोटो उडव' म्हणणाऱ्या तिसऱ्या सल्लागाराबद्दलही सांगतो. फोटो उडवल्याने जागा मिळते, वेग मिळत नाही. अपवाद एकच. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर विंडोजला अपडेटला आणि त्या राखीव फाइलला जागा उरत नाही, मग सगळंच अडखळतं. तुमच्या १ टीबीच्या डिस्कचे बहुधा दोन विभाग केलेले असतील, सी छोटा आणि डी मोठा, आणि इशारा येत असेल तो फक्त सीचा. डी ड्राइव्ह बघा, तो अर्धा रिकामा निघाला तर मला नवल वाटणार नाही. तसं असेल तर फोटो उडवू नका, डीवर हलवा.

एसएसडी टाकण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरे. त्यात 'कॉशन' असं पिवळं दिसलं, किंवा डिस्कमधून टक्-टक् असा लयीत आवाज येत असेल, तर क्लोन करण्याच्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याच्या, भानगडीत पडू नका. आधी नुसती महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा. क्लोन करताना पूर्ण डिस्क वाचली जाते आणि आजारी डिस्क त्याच श्रमात दम तोडते. तब्येत ठीक असेल तर क्लोन चालेल, पण पाच वर्षांचा कचरा सोबत आणण्यापेक्षा मी विंडोज नव्याने टाकणं पसंत करतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर जुन्या डिस्कचं कुलूप उघडणं अवघड होईल.

काढलेली हार्डडिस्क अडीच इंची यूएसबी केसमध्ये घातली की बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. मात्र पहिला महिनाभर ती फॉरमॅट करू नका. काहीतरी राहिलंय हे साधारण तिसऱ्या आठवड्यात आठवतं.